स्टोक रो : एका इंग्रजी खेड्याची तहान आणि काशीनरेशांची विहीर

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, टेम्स नदीकाठच्या हेन्ली या गावापासून पश्चिमेला चार-पाच मैलांवर, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर स्टोक रो नावाचे एक लहान खेडे आहे. वस्ती जेमतेम साडेसहाशेची. चकमकीच्या दगडाच्या भिंती, विटांची बैठी घरे आणि भोवती बीच वृक्षांची दाट राने, असे त्या भागातल्या कोणत्याही खेड्यासारखेच त्याचे रूप आहे. मात्र गावातल्या रस्त्यालगत लोखंडी खांबांवर पेललेला एक पौर्वात्य धाटणीचा घुमट उभा आहे, त्याखाली विहिरीचा रहाट आहे, आणि रहाटाच्या यंत्रावर सोनेरी मुलाम्याचा एक हत्ती दिमाखात उभा आहे. भारतातील बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली, अशा अर्थाची अक्षरे घुमटाच्या कडेने कोरलेली आहेत.

हत्तीचे कौतुक प्रवासवर्णनांतून पुष्कळ झाले आहे. प्रस्तुत प्रकरण अभ्यासात विहिरीकडे पाहायचे आहे ते गावाची एक सार्वजनिक सोय म्हणून. १८६० च्या दशकात, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या राजधानीपासून एका दिवसाच्या अंतरावर असलेल्या गावाला पिण्याच्या पाण्यासाठी गंगाकाठच्या संस्थानिकाचा पैसा का लागला, ती सोय चालवण्याची व्यवस्था कशी लावली गेली, आणि ती पुढे का मोडली, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

हिरव्या माथ्यावरचा कोरडेपणा

पाणीटंचाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन येते. स्टोक रोमध्ये तसे काहीच नव्हते. पाऊस बारमाही, रान हिरवेगार, आणि तरी घरात पाणी नाही, ही तिथली अवस्था होती. कोकणातल्या वाचकाला ती समजावून सांगावी लागणार नाही, कारण पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी जांभ्यातून झिरपून जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच गावातल्या बायका हंडा घेऊन डोंगर उतरतात, हे त्याने पाहिलेले असते. चिल्टर्न टेकड्यांत जांभ्याची जागा चॉकच्या खडकाने घेतली आहे. हा पांढरा, मऊ, सच्छिद्र खडक पावसाचे पाणी शोषून खोल खाली नेतो. त्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी झरे फुटतात, नदीकाठची गावे पाण्याने समृद्ध असतात आणि माथ्यावरच्या गावाच्या पायाखाली शंभर मीटरपर्यंत पाण्याचा मागमूस नसतो. खडकावर चिकणमातीचा जो थर आहे, त्यात पावसाचे पाणी साचून डबकी होतात. वीटभट्टीसाठी माती काढून झालेले खड्डेही पाण्याने भरत. पिणे, स्वयंपाक, धुणे, जनावरे, सगळ्याला हेच गढूळ पाणी वापरायचे, अशी गावाची रीत होती.

उन्हाळा लांबला की डबकी आटत. मग मैलोन् मैल चालून पाणी आणावे लागे. स्वयंपाकाला वापरलेले पाणी टाकून न देता एका घरातून दुसऱ्या घरी जाई आणि कपडे धुण्याचा दिवस पाऊस पडेपर्यंत पुढे ढकलला जाई, अशी त्या काळाची वर्णने आहेत. गावातली माणसे कष्टकरी होती. कोणी वीटभट्टीवर राबत, कोणी रानात लाकूड तोडत, कोणी बीचच्या ओल्या लाकडातून खुर्च्यांचे पाय कातून हाय विकमच्या कारखान्यांना पुरवत. खोल विहीर पाडणे त्यांच्यापैकी कोणाच्याही आवाक्यातले नव्हते.

पण प्रश्न फक्त गरिबीचा होता असे मानणे अपुरे ठरेल. या भागातले पॅरिश, म्हणजे चर्चच्या आणि पुढे मुलकी कारभाराचे एकक असलेले गावगाडे, लांबट पट्ट्यांसारखे आखलेले होते. प्रत्येक पट्टा टेम्सच्या कुरणांपासून सुरू होऊन शेते ओलांडत टेकडीवरच्या रानापर्यंत जाई, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडे कुरण, थोडी शेती आणि थोडे सरपण येई. आखणी शहाणपणाची होती, पण तिचे मुख्य गाव खाली पाण्याजवळ असे आणि वर रानाच्या टोकाला वसलेल्या वाडीकडे कोणाचे लक्ष नसे. स्टोक रो तर इप्सडेन, मंजवेल आणि न्यूनम मरन अशा पट्ट्यांच्या शेपटांवर विभागलेली वस्ती होती. तिला स्वतःचे सेंट जॉन चर्च मिळाले तेच मुळी १८४६ मध्ये, आणि मुलकी दृष्ट्या स्वतंत्र पॅरिश म्हणून ती उभी राहिली १९५२ मध्ये. तीन गावांच्या सीमेवरची वाडी ही कोणाचीच नसते, हा अनुभव आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांनाही नवा नाही. माझ्या मते स्टोक रोच्या तहानेचे अर्धे कारण भूगर्भात आणि अर्धे या नकाशात होते.

आझमगढची विहीर आणि मार खाल्लेला मुलगा

या वाडीचा प्रश्न काशीला पोहोचवणारा माणूस म्हणजे एडवर्ड अँडरडन रीड. इप्सडेनच्या जमीनदार घराण्यातला हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात गेला आणि तिथेच त्याची सारी कारकीर्द झाली. १८३१ मध्ये आझमगढ इथे त्याने लोकांसाठी एक विहीर बांधवली होती. पुढे बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. गप्पांच्या ओघात त्याने आपल्या मुलुखातली पाण्याची अडचण महाराजांना सांगितली. घरात शिल्लक असलेले शेवटचे घोटभर पाणी पिऊन टाकले म्हणून आईच्या हातचा मार खाणारा एक लहान मुलगा त्याने तिकडे पाहिला होता.

१८५७ च्या उठावात रीड आग्र्याला होता, आणि त्या सप्टेंबरात लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन यांचा मृत्यू झाल्यावर वायव्य प्रांतांचा कारभार काही काळ त्याच्याकडे आला. महाराज त्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूने राहिले. १८६० मध्ये रीड मायदेशी परतला. दोन वर्षांनी, इंग्लंडमध्ये काही लोकोपयोगी दान करण्याची आपली इच्छा असल्याचे महाराजांनी त्याला कळवले. आझमगढची विहीर आणि तो मार खाल्लेला मुलगा दोन्ही त्यांच्या लक्षात होते. विहिरीची जागा स्टोक रो ठरली.

गोष्ट इथे थांबवली तर ती फार गोड होते, आणि बहुतेक ठिकाणी ती तशीच सांगितली जाते. मला मात्र दोन तारखा खटकतात. विहिरीचे काम सुरू झाले १० मार्च १८६३ रोजी, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड याच्या लग्नाच्या दिवशी, आणि ती लोकांना खुली झाली २४ मे १८६४ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी. मुहूर्त असे राजघराण्याच्या दिनदर्शिकेवरून काढलेले आहेत. उठाव मोडून पाच-सहा वर्षेही झाली नव्हती, कंपनी जाऊन राणीचे राज्य आले होते, आणि संस्थानिकाला आपली निष्ठा वारंवार दाखवणे भाग होते. शिवाय १८६०-६१ मध्येच दोआबात मोठा दुष्काळ पडून गेला होता. त्या पार्श्वभूमीवर हिंदुस्थानातला पैसा इंग्लंडच्या टेकडीवर पाणी काढायला जावा, यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. तरीही केवळ राजनिष्ठेचे प्रदर्शन करायचे असते तर लंडनमध्ये, चार लोकांच्या डोळ्यांत भरेल अशा जागी स्मारक उभारता आले असते. काहींनी तसे केलेही. विजयनगरमच्या महाराजांनी १८६७ मध्ये हाइड पार्कच्या परिसरात पाणपोई बांधून दिली, आणि आपल्या मुंबईचे पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेली संगमरवर आणि ग्रॅनाइटची पाणपोई १८६९ पासून रीजंट्स पार्कमध्ये उभी आहे. लंडनमध्ये फुकट पाणपोया उभारण्याची चळवळ १८५९ पासून जोरात होती आणि या देणग्या त्या लाटेतल्या होत्या. काशीनरेशांची विहीर मात्र अशा ठिकाणी आहे, जिथे पाहायला कोणी येत नव्हते आणि पाण्यावाचून मात्र खरोखरच अडले होते. निष्ठा आणि करुणा यांची सरमिसळ इथे आहे, आणि ती वेगळी काढण्याचा खटाटोप करण्यात फारसा अर्थ नाही.

३६८ फूट

विहिरीची खोली ३६८ फूट, म्हणजे ११२ मीटर आहे. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर उंच आहे. तशा चार कमानी एकीवर एक रचून आत सोडल्या तरी वर सात-आठ मीटर जागा उरेल. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची उंचीही ३६५ फूटच आहे. आणि या विहिरीचा व्यास केवळ चार फूट.

हे चार फूट नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजेत. आपल्या शेतातली विहीर ऐसपैस असते, पायऱ्या उतरून जाता येते, आत पाच-सहा माणसे पहारी चालवू शकतात. चार फुटांच्या नळीत मात्र एकच माणूस मावतो, तोही वाकून. त्याने छोट्या दांड्याच्या कुदळीने पायाखालचा खडक फोडायचा, तो बादलीत भरायचा, वरच्या माणसांनी ती बादली दोराने ओढून घ्यायची, आणि ती वर जात असताना तिच्यातून निसटलेला एखादा खडा डोक्यात पडू नये म्हणून खालच्याने अंग चोरून उभे राहायचे. सुरुवातीला मातीचा थर, मग चॉक, आणि मध्ये भीती वाटायला लावणारे वाळूचे पट्टे. जसजसे खाली जावे तसतसे वरचे तोंड नाण्याएवढे होत जाते, उजेड पुरत नाही आणि हवा कोंडते. यंत्राचा वापर नाही, सगळे हातकाम. असे १४ महिने काम चालले. खोदकामाचा खर्च सुमारे ३५३ पौंड झाल्याची नोंद आहे. देणाऱ्याचे नाव घुमटावर कोरलेले आहे, तिथे खाली उतरलेल्या माणसाचे नाव नाही. आपल्याकडच्या बारवांवरही ते क्वचितच सापडते.

रहाटाचे यंत्र वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या ओतशाळेत तयार झाले. दोन पोहरे, एक वर येताना दुसरा खाली जाणार, म्हणजे रिकाम्या पोहऱ्याच्या वजनाची भरलेल्याला मदत. एका पोहऱ्यात नऊ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर पाणी मावे आणि तो वर यायला दहाएक मिनिटे लागत. दांडा फिरवत दहा मिनिटे उभे राहिल्यावर हाती येणारे पाणी आपल्या दोन मोठ्या बादल्यांएवढे. भर उन्हाळ्यात दिवसाला ६०० ते ७०० गॅलन पाणी काढले जाई असे सांगतात. हिशेब केला तर ते सत्तरेक पोहरे आणि बारा तासांचे अखंड फिरवणे होते. भारतातल्या जल जीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या मापाने या विहिरीचा सगळ्यांत भरघोस दिवस पन्नास-साठ माणसांना पुरला असता. तेव्हाच्या गावाला मात्र तेवढ्यानेही दिलासा मिळाला, कारण पाणी स्वच्छ होते, बारमाही होते आणि फुकट होते.

चेरीच्या बागेचा हिशेब

या प्रकरणातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग माझ्या मते खोदकामाच्या पुढचा आहे. विहीर बांधून देणे आणि विहीर चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे रीडला ठाऊक होते. त्यामुळे विहिरीशेजारी रखवालदारासाठी एक लहानसे घर बांधले गेले. शिवाय लगतच्या सुमारे चार एकर जमिनीवर चेरीची बाग लावण्यात आली. बागेचे उत्पन्न विहिरीच्या देखभालीला लावायचे, म्हणजे गावकऱ्यांकडून पाण्याचा पैसा घ्यावा लागणार नाही, अशी ती योजना होती. देवस्थानाला इनाम जमीन लावून दिवाबत्तीची सोय करण्याची आपली जुनी पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. बागेचे नावही 'ईश्री बाग', म्हणजे महाराजांच्या नावावरून पडलेले. तिच्यात एक तळे खोदले ते मासोळीच्या आकाराचे, कारण मासा बनारसच्या राजचिन्हात आहे.

चेरीची निवड मनात आले म्हणून झालेली नव्हती. चिल्टर्नच्या या भागात चेरी चांगली येई आणि जवळची बाजारपेठ तिला ओळखत होती. पण चेरी हे बेभरवशाचे फळ आहे. मोहराच्या वेळी थंडीचा कडाका पडला तर वर्ष हातचे जाते, फळ धरले तर पाखरे टपलेली असतात, आणि तोडणी चार दिवस लांबली तर माल नासतो. रखवालदार आणि दोर मात्र दर वर्षी लागतात. निश्चित खर्चाला अनिश्चित उत्पन्नाची जोड देण्यातली ही मूळची उणीव होती, आणि बागेच्या फळांवर विहीर स्वतःच्या पायांवर उभी राहिली असे झाले नाही. जोपर्यंत रीड जवळ राहून लक्ष घालत होता आणि महाराजांचे मन गावात गुंतलेले होते, तोवर ती उणीव जाणवली नाही. १८७१ मध्ये राजकन्या लुईझच्या विवाहानिमित्त महाराजांनी गावातल्या पायवाटांसाठी पैसा दिला. १८८२ मध्ये राणीवर झालेला हल्ला फसला, तेव्हा गावाला जेवण आणि पाव, चहा, साखर यांचे वाटप झाले. प्रत्येक वेळी निमित्त इंग्लंडच्या राजघराण्याचे आणि लाभ स्टोक रोच्या गावकऱ्यांचा, हा क्रम इथेही सुटलेला नाही. रीड १८८६ मध्ये गेला, महाराज १८८९ मध्ये. दोघांच्या स्नेहावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला त्यानंतर वाली उरला नाही, तरी विहीर ७० वर्षांहून अधिक काळ गावाला पाणी देत राहिली.

तिचा वापर थांबला तो पाणी आटल्यामुळे नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नळाचे पाणी आले, आणि घरात तोटी फिरवली की पाणी मिळत असताना रस्त्यावर जाऊन दहा मिनिटे दांडा फिरवायला कोण जाणार? दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रहाट थांबलेला होता.

पुढे या मोडकळीला आलेल्या सोयीकडे लोकांचे लक्ष वेधले गेले ते पुन्हा काशीहूनच. १९६१ मध्ये एलिझाबेथ राणी भारत दौऱ्यावर असताना बनारसच्या तत्कालीन महाराजांनी तिला विहिरीची प्रतिकृती भेट दिली आणि शताब्दी जवळ आल्याची आठवण करून दिली. १९६४ च्या एप्रिलमध्ये शताब्दीचा सोहळा झाला, त्याला प्रिन्स फिलिप उपस्थित होते, आणि गंगेचे पाणी समारंभपूर्वक या विहिरीत ओतले गेले. आपल्याकडे काशीहून आणलेली गंगा देव्हाऱ्यात जपली जाते आणि घरी गंगापूजन होते. इथे ती ३६८ फूट खाली, इंग्लंडच्या चॉकमधल्या पाण्यात मिसळली.

आजचे गाव

आजच्या स्टोक रोच्या सोयींची यादी छोटी आहे. चर्च आणि त्याची प्राथमिक शाळा, स्वतंत्र पंथीयांचे एक जुने चॅपेल, गावाचे सभागृह, खेळाचे मैदान, एक दुकान आणि दोन पब. साडेसहाशे वस्तीच्या गावात दोन पब टिकून आहेत ही इंग्लंडच्या आजच्या परिस्थितीत सामान्य गोष्ट नाही, कारण अनेक खेड्यांतला शेवटचा पबही बंद पडतो आहे. त्यातला एक, 'चेरी ट्री', नावातच जुन्या बागांची आठवण सांगतो. दुसरा, 'क्रुकेड बिलेट', सतराव्या शतकातल्या इमारतीत आहे, त्यात नेहमीच्या पबसारखा दारू वाढण्याचा ओटा (बार) नाही, आणि १९९८ मध्ये अभिनेत्री केट विन्स्लेटच्या पहिल्या लग्नाची मेजवानी तिथे झाल्यामुळे तो वर्तमानपत्रांतून झळकला.

खुर्च्यांचे पाय कातणारे आणि विटा पाडणारे आता उरलेले नाहीत. १९६५ मध्ये चिल्टर्न टेकड्यांना निसर्गसौंदर्याचा संरक्षित प्रदेश म्हणून दर्जा मिळाला. पूर्वी ज्या रानात लाकूडतोड्यांचे पोट चालत होते ते आता चालण्यासाठी येणाऱ्या शहरी माणसांचे आहे. पाण्यासाठी जी वाडी रडकुंडीला आली होती, तिथे घर घेणे आज सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे झाले आहे.

विहीर एका विश्वस्त संस्थेच्या ताब्यात आहे. घुमट आणि यंत्र दुरुस्त करून रंगवलेले आहे, हत्तीचा मुलामा झळाळतो, विहिरीचे तोंड झाकलेले आहे. ईश्री बागेत कोणीही केव्हाही जाऊन बसू शकते आणि त्यासाठी काही द्यावे लागत नाही. देखभालीला जो पैसा लागतो तो चेरीच्या फळांतून नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आणि हितचिंतकांच्या देणग्यांतून उभा करावा लागतो.